सात वर्षांच्या मुलाला जमेल असं

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर मुलांचा विभाग होता आणि तिथल्या बाईंना सगळे 'मापाच्या बाई' म्हणत. मुरलेला शिंपी जसा गिऱ्हाईक दारात उभं राहिल्याबरोबर नजरेनंच माप घेतो, तसं या बाई वाचणाऱ्याचं माप घेतात, अशी त्यांची ख्याती होती. ती ख्याती पसरवण्यात त्यांचा स्वतःचाही थोडाफार हात होता. "वय सांगा, पुस्तक देते," असं त्या म्हणायच्या आणि बहुतेक वेळा खरं करून दाखवायच्या. पुस्तकांच्या पाठीवर वयानुसार रंगीत पट्ट्या चिकटवायची कल्पना त्यांचीच. पिवळी पट्टी अगदी लहानांची, कारण ती मंडळी पुस्तक आधी तोंडात घालून बघतात. त्याच्या पुढची हिरवी, मग निळी. निळ्याच्या वर तांबडी, ती मात्र त्यांना फारशी आवडत नसे. तेरा-चौदा वर्षांची मुलं आपल्या आईसमोर कुठलंच पुस्तक हातात धरत नाहीत, हा त्यांचा अनुभव. अशांना त्या मुद्दाम म्हणत, "हे नको, तुला झेपणार नाही." पोरगं पाचव्या मिनिटाला तेच पुस्तक घेऊन टेबलापाशी हजर.

त्यांच्याकडे एक दिवस चष्मेवाली आली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायला बसे. बाईंचा स्वतःचा चष्माही तिच्याच हातचा, म्हणून तोंडओळख होती. चाळिशीची, नीटनेटकी, कामाशी काम ठेवणारी. पण त्या दिवशी तिचा चेहरा ओढलेला होता.

"सात वर्षांच्या मुलाला जमेल असं पुस्तक हवंय," ती म्हणाली.

बाई खूश. सात म्हणजे त्यांचं हातखंडा वय. "काय आवडतं? प्राणी? गाड्या? भुतंखेतं?"

चष्मेवाली गडबडली. "तसं काही... काहीही द्या. अक्षर मोठं असलं की झालं."

बाईंनी तिला अस्वलाचं पुस्तक दिलं. त्या अस्वलाला दात घासायचा कंटाळा असतो आणि शेवटी ते शहाणं होतं. या पुस्तकावर आजवर एकाही सात वर्षांच्या मुलाने नाक मुरडलं नव्हतं. सोबत हिरव्या पट्टीची आणखी दोन-तीन दिली.

चार दिवसांतच अस्वल परत आलं. "नाही आवडलं," चष्मेवाली म्हणाली.

"का बरं?"

"पुस्तक उगाच शिकवतं म्हणे. अस्वलाने दात घासले काय, न घासले काय, लोकांना काय करायचंय."

बाईंना हसू आलं. पोरगं तिखट दिसतंय, त्या मनाशी म्हणाल्या, आणि त्यांनी जास्त धाडसाचं, चाच्यांचं पुस्तक दिलं. तेही परत. चाचे एकमेकांशी फारच गोड बोलतात, अशी तक्रार. मग ससा आणि त्याचा हरवलेला मोजा. तो तर दुसऱ्याच दिवशी परत आला. बाईंच्या अभिमानाला आता धक्का बसायला लागला होता. रात्री जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "एक सात वर्षांचं पोर मला दाद देत नाही." नवरा घरोघरी विजेची कामं करायचा आणि कमी बोलायचा. तो म्हणाला, "फ्यूज बदलून बदलून दिवा लागत नसला, तर मी वायर तपासतो." बाईंनी ते कानाआड केलं. आपल्या कामात कोणी अक्कल शिकवलेली त्यांना खपत नसे.

पुढच्या खेपेला मात्र त्यांचे कान टवकारले. चष्मेवाली पुस्तकं टेबलावर ठेवत म्हणाली, "हेही त्यांना पटलं नाही."

"त्यांना?" बाई म्हणाल्या. "जुळी आहेत का?"

आपल्याकडे सात वर्षांच्या पोराला कोणी 'त्यांना' म्हणत नाही. एक तर पोरं दोन असतात, नाहीतर माणूस मोठा असतो. चष्मेवालीनं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "माझे बाबा. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत."

मग सगळं बाहेर आलं. बाबा वकील. उभं आयुष्य कोर्टात बोलण्यात गेलं. ते उलटतपासणीला उभे राहिले की साक्षीदार आदल्या रात्री झोपत नसत, असं लोक सांगत. मागच्या थंडीत त्यांना झटका आला. हातपाय वाचले, नुसती काठी लागली, पण शब्द गेले. म्हणजे आत सगळं शाबूत, बाहेर येताना मात्र वाट चुकायचं. पाणी मागायचं तर तोंडातून 'खिडकी' यायचं. वाचणंही तसंच झालं. लांब वाक्य अर्ध्यात निसटून जायचं. पुस्तकांविषयीच्या तक्रारी ते खुणांनी आणि सुट्या शब्दांनी सांगत, त्यांची वाक्यं लेक करायची.

"डॉक्टर म्हणाले, वाचत राहायला हवं. सध्या सात वर्षांच्या मुलाइतकं जमेल म्हणाले. मी तेच तुम्हाला सांगितलं. खोटं बोलले नाही मी."

"नाही, खोटं नाही बोललात," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर ते अस्वल आलं. ज्या माणसासमोर भलेभले घाम पुसत, त्याला आपण इतके दिवस दात घासायला शिकवत होतो! त्यांची कानशिलं गरम झाली. "त्यांना इकडे घेऊन या," त्या म्हणाल्या. "आतापर्यंत मी न बघताच माप घेत होते."

वकीलसाहेब आले ते एका मंगळवारी दुपारी, शाळा सुटायच्या आधी. मोठ्यांचा विभाग वर होता, पण लिफ्ट कित्येक महिने बंद आणि जिना त्यांना झेपण्यासारखा नाही. त्यामुळे मुलांच्याच विभागात बसणं भाग होतं. तिथल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. उंच, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टातले वकीलसाहेब तसल्या एका तांबड्या खुर्चीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. लेकीने ओठ दाबून हसू आवरलं. ते तिच्याकडे रोखून बघत म्हणाले, "हस. हस."

बाईंनी समोर दुसरी तसलीच खुर्ची ओढली. "वकीलसाहेब, माझ्याकडून चूक झाली. तुम्हाला काय वाचायचंय ते मी विचारलंच नाही."

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. लेक मदतीला धावणार तोच त्यांनी हात वर केला, कोर्टात करावा तसा. "मोठ्यांचं," ते शेवटी म्हणाले. "पण... बुटकं."

"छोटं," लेक पुटपुटली.

"बुटकंच बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "समजलं मला."

आणि त्यांना खरंच वाटलं की समजलं. त्या धावत वर गेल्या. मोठ्यांच्या विभागात एका निवृत्त न्यायाधीशाच्या आठवणींचं पुस्तक होतं. पातळ, ठसठशीत टाइपाचं, छोट्या छोट्या प्रकरणांचं. याहून नेमकं काय असणार? वकिलाला कोर्टाच्या गोष्टी! वकीलसाहेबांनी मुखपृष्ठावरून बोटं फिरवली, मान हलवली, पुस्तक छातीशी धरून गेले. बाईंना त्या रात्री छान झोप लागली.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाली आली ती धुमसतच. पुस्तक तिनं ठेवलं नाही, आपटलं.

"तुम्हाला काय वाटलं, हे वाचून ते उठून कोर्टात जातील? अख्खी दुपार पहिल्या पानावर बसले होते. वाक्याच्या शेवटाला गेले की सुरुवात विसरायचे, पुन्हा मागे. पुन्हा मागे. सगळे शब्द त्यांच्याच रोजच्या वापरातले, आणि एकही हाताला लागेना. मग पुस्तक भिरकावलं. रडले, बाई. मी माझ्या बाबांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. रात्री जेवले नाहीत."

काही बोलावं म्हणून बाई म्हणाल्या, "मला वाटलं, त्यांच्या ओळखीचं..."

"तेच तर! ओळखीचं होतं म्हणूनच." चष्मेवालीचा आवाज चिरला. "अस्वलाचं नाही जमलं तर चालतं हो. अस्वल त्यांचं नव्हतंच."

ती गेली. खिडकीपाशी चित्रं बघत बसलेल्या दोन मुली माना वर करून बघत होत्या. बाईंनी न्यायाधीशांचं पुस्तक उचललं, कोपरा दुमडला होता तो सरळ केला आणि स्वतःच वर नेऊन ठेवलं. एरवी हे काम त्या शिपायाला सांगत.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "पाय मोडलेल्या माणसाला शर्यत बघायला नेलंस," तो म्हणाला. मग त्यांचा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण न सांगता उठून त्याने चहा टाकला. चहा पाणचट झाला होता. दोघांनी तो निमूट प्यायला.

त्यानंतर कितीतरी दिवस चष्मेवाली फिरकली नाही. बाई रोजचं काम करत होत्या, पण हात आखडला होता. कोणी आई म्हणाली, "नऊ वर्षांची आहे, काय देऊ?" तर पूर्वी त्या तडक कपाटाकडे जायच्या. आता विचारत, "ती आली आहे का? तिलाच बोलवा ना." मुलगी यायची, टेबलावर हनुवटी टेकवायची, आणि नऊ वर्षांची असून तिला चारच वर्षांच्या भावाचं पुस्तक हवं असायचं, कारण त्यात बदक पाण्यात पडतं. किंवा थेट मोठ्यांचं ज्वालामुखीवरचं जाडजूड, ज्यातली चित्रंच तेवढी तिला कळणार असायची. बाई दोन्ही देत. काम पूर्वीपेक्षा सावकाश चाले आणि शनिवारी टेबलापुढे रांग लागे. मुख्य ग्रंथपालांनी एकदा रांगेकडे बघून घड्याळाकडे बघितलं.

मग एका दुपारी चष्मेवाली आली. हातात हिरव्या पट्टीचं एक पुस्तक, पहिल्या दिवशी दिलेल्यांपैकी. मुदत कधीच उलटून गेली होती. बाईंना वाटलं, हे परत करायचं आणि संबंध संपवायचा, एवढ्यासाठीच आली असणार. पण तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं नाही. हातातच धरून ठेवलं.

"हे पलंगाखाली गेलं होतं, परवा सापडलं. बाबा ते परत करू देत नाहीत. सारखे त्यातल्या एकाच गोष्टीवर बोट आपटतात आणि 'बोलव' म्हणतात. कोणाला बोलवू, तर म्हणतात 'माप'. तुम्हालाच म्हणत असणार." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्या दिवशी मी जास्त बोलले."

"तुम्ही बोललात ते बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "आणा त्यांना."

ते पुस्तक राजांच्या गोष्टींचं होतं. सोपी वाक्यं, प्रत्येक पानावर चित्र. त्यातली एक गोष्ट न्यायी राजाची. एका म्हातारीची शेळी माळ्याच्या बागेत शिरते, त्याची सगळी कोबी खाऊन टाकते. माळी राजाकडे जातो. राजा क्षणभर डोळे मिटतो आणि म्हणतो, शेळी माळ्याला द्या. दरबार 'वाहवा' करतो. गोष्ट संपली. बाईंनी ती शेकडो मुलांना वाचून दाखवली होती आणि शेवटी त्यांच्याकडून टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या.

वकीलसाहेब आले ते चिडूनच. या वेळी बाईंनी वरून एक धड खुर्ची शिपायाकडून आणवून ठेवली होती. तिच्यावर बसून त्यांनी पुस्तक उघडलं, राजाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा... गाढव."

"राजा?"

"गाढव. म्हातारी..." ते अडखळले. हाताने तोंडापासून पुढे काहीतरी काढल्यासारखं केलं. "म्हातारीला... विचारलं?"

बाईंनी गोष्टीवर नजर फिरवली. खरंच की. म्हातारी गोष्टीत एक शब्दही बोलत नव्हती. चित्रातसुद्धा ती पाठमोरी होती.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. पण मग का कोण जाणे, त्यांना राजाची बाजू घ्यावीशी वाटली. "पण वकीलसाहेब, शेळीने कोबी खाल्ली हे तर खरं ना? सगळ्यांनी पाहिलं."

"कोणी?" ते एकदम पुढे झुकले. "कोणी पाहिलं? नाव... नाव सांगा."

लेक भिंतीला टेकून उभी होती. ती सरळ झाली.

"बरं, माळ्याने पाहिलं," बाई म्हणाल्या.

"माळी... फिर्यादी." हा शब्द कुठेही न अडखळता बाहेर आला. त्यांनाच त्याचं नवल वाटलं असावं, कारण ते क्षणभर थांबले. मग पुन्हा बोट आपटलं, या वेळी बागेच्या चित्रावर. "हे. हे. ते काय..." शब्द येईना. कपाळाची शीर तट्ट फुगली. "खिडकी नाही. दार नाही. ते... भोवती..."

बाईंना शब्द कळला होता. लेकीलाही कळला होता. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही गप्प राहिल्या. खिडकीपाशी बसलेली एक मुलगी एव्हाना जवळ सरकली होती, पण तीसुद्धा का कोण जाणे, बोलली नाही.

"कुंपण!" वकीलसाहेब गरजले. "कुंपण कोणाचं? माळ्याचं! मोडकं! शेळी आत... आली कशी? कुंपण नीट ठेवायचं काम... कोणाचं?"

चित्रात खरोखरच कुंपणाला भगदाड होतं. चित्रकाराने शेळी आत कशी जाणार म्हणून सोयीने काढलेलं असेल. बाईंनी इतक्या वर्षांत ते कधी पाहिलं नव्हतं.

"पण शेळी तर चोरच ना?" बाईंनी आणखी जरा डिवचलं.

"शेळीला काय कळतं!" ती मुलगी न राहवून म्हणाली.

वकीलसाहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जणू नवा ज्युनिअर निवडायचा आहे. "बरोबर," ते म्हणाले. "शेळी... निर्दोष."

चष्मेवाली बाहेर गेली. पाण्याच्या नळापाशी जाऊन तिने चेहरा धुतला, पदराने पुसला आणि परत आली तेव्हा बाबा मुलीला माळ्याची उलटतपासणी कशी घ्यायची ते सांगत होते. तिघा-चौघा मुलांचं कोंडाळं झालं होतं. एकाला माळी केलं होतं आणि तो आत्ताच घाबरला होता.

पुढे ते जमलं. दर गुरुवारी वकीलसाहेब येत. बाई त्यांच्यासाठी निवाड्यांच्या गोष्टी शोधून काढू लागल्या. जुन्या लोककथांत त्यांना तोटा नाही: कोणीतरी कोणाची तरी वस्तू पळवतं, कोणीतरी शहाणा निकाल देतो आणि गाव खूश होतं. वकीलसाहेबांना एकही निकाल पसंत पडत नसे. पिवळी पट्टी असो, निळी असो, त्यांना फरक पडत नव्हता. पुस्तकाने खोड काढायला जागा दिली पाहिजे, एवढंच. एका कोल्ह्याची केस त्यांनी इतकी लावून धरली की मुलांनी कोल्ह्याला भरपाई मिळवून दिली. काही आया कुरकुरल्या. एकीने थेट मुख्य ग्रंथपालांना सांगितलं, मुलगा घरी म्हणतो की शिक्षा देण्याआधी माझी बाजू ऐकून घ्या. मुख्य ग्रंथपाल म्हणाले, "मग ऐका की."

वकीलसाहेब बरे झाले असं म्हणता येणार नाही. दमले की अजूनही पाण्याला खिडकीच म्हणत. न्यायाधीशांच्या आठवणींचं पुस्तक त्यांनी पुन्हा मागितलं नाही आणि बाईंनी काढलं नाही. पण एकदा लेकीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने चष्म्याच्या काचेवरून वाद घातला, तेव्हा कोपऱ्यात बसलेले बाबा उठून म्हणाले, "पावती?" गिऱ्हाईक गारच पडलं. ही गोष्ट सांगताना चष्मेवाली इतकी हसली की बाईंना तिचे दात पहिल्यांदाच दिसले.

अशाच एका गुरुवारी, आत गोष्टीतल्या कावळ्यावर खटला रंगात आला असताना, ती टेबलापाशी उभी राहिली आणि जरा संकोचून म्हणाली, "बाई, माझ्यासाठी काही आहे?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं होतं. "काय वाचायला आवडेल?"

"आठवतच नाही. पूर्वी वाचायचे. आता..." तिने खांदे उडवले. "ज्यात काही करावं लागत नाही असं."

बाई वर गेल्या आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन आल्या. एका मोठ्या कुटुंबाची, संथ, पहिली शंभर पानं नुसतं घर आणि पाऊसपाणी. तांबड्या पट्टीच्या कपाटामागे एक जुनी आरामखुर्ची होती, ती त्यांनी खिडकीकडे वळवून दिली. चष्मेवाली बसली. दोन पानं उलटली. तिसरं पान उलटायला हात उचलला तो अर्ध्यातूनच मांडीवर पडला.

खटला संपला तेव्हा बाहेर उन्हं उतरली होती. मुलं आपापल्या घरी पांगली. वकीलसाहेब काठी टेकत बाहेर आले, लेकीला शोधत. बाईंनी कपाटामागे बोट दाखवलं. ते तिथे जाऊन उभे राहिले. पोरगी मान एका बाजूला टाकून गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, कादंबरी पोटावर उपडी.

"उठवू का?" बाईंनी हळूच विचारलं. "बंद करायची वेळ होत आली."

वकीलसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. शेजारची तांबडी बुटकी खुर्ची पायाने जवळ ओढली आणि सावकाश, एकेक हाड जपत, तिच्यावर बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"वाचतेय," ते अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "वाचू दे."

बाईंनी शिपायाला खूण केली आणि लावायला घेतलेलं पुढचं दार त्याने अर्धं उघडंच ठेवलं.